साकवाची स्थळपाहणी

"मॅडम, तुम्ही समाधानी आहात का?"

लग्नाला सहा वर्षं होत आली, पण हा प्रश्न मला नवऱ्याने कधी विचारला नाही. सासूने तर नाहीच नाही. विचारायचा तो पेणच्या एका सरकारी ऑफिसातला माणूस, फोनवर, आणि तेही नेमका मी साईराजला भरवायला बसले की. एका हातात वरणभाताचा घास, कान आणि खांद्यात दाबून धरलेला फोन, आणि समोर तोंड घट्ट मिटून बसलेला माझा चार वर्षांचा मुलगा.

"नाही," मी म्हणायचे.

"का बरं?"

"साकव तसाच आहे म्हणून."

"असं बघा मॅडम, तक्रार तर निकाली निघालीय."

"तक्रार निघाली असेल. भोक तिथेच आहे."

"असं बघा" हे त्याचं पालुपद. तीन वाक्यांत दोनदा तरी यायचं. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता, पण तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

आमचं घर जोह्यात, ओढ्याच्या अलीकडे. घराला लागूनच सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना. ओढ्याच्या पलीकडे डांबरी रस्ता, एसटीचा थांबा आणि अंगणवाडी. मधे साकव, पायी जाण्यापुरता छोटा पूल. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं, एवढाच रुंद. त्याचा कठडा एका पुरात वाहून गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात मधला काँक्रीटचा तुकडा खाली गेला. आता तिथे भोक आहे. गंजलेले गज वर आलेले, आणि गजांमधून खाली पाणी दिसतं. ओढा खाडीला मिळतो, त्यामुळे भरतीला पाणी उलटं चढतं आणि पावसात तर साकवाच्या पोटाला लागतं.

मोठ्यांना सवय झालीय. "भोकाच्या डावीकडनं, काठाकाठानं या," हे वाक्य आमच्या आळीत पाहुण्यांना 'या, बसा'च्या आधी सांगतात. सवय झाली की माणसाला भोक दिसेनासं होतं. मला ते होत नव्हतं, कारण साईराज आता कडेवर बसायला तयार नव्हता. मोठा झालोय म्हणे. मित्रांसारखं चालत जायचं. आणि चालत गेला की भोकापाशी थांबायचंच. आधी पानं टाकून झाली, मग खडे, मग एके दिवशी पायातली चप्पल काढून टाकली. ती कुठून बाहेर येते ते बघायला त्याने मान खाली घातली, तेव्हा मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली. कॉलरचं बटण तुटून माझ्या हातात राहिलं. त्या दिवसापासून मी या साकवाच्या मागे लागले.

मी रोह्याची, बी.कॉम. केलेली. आमच्याकडे शिकलेल्या सुनेचा उपयोग म्हणजे मोबाइलवरून लाइटबिल भरणं आणि गिऱ्हाइकांना गुगल पे शिकवणं. सरकारदरबारी काम कसं करून घ्यायचं हे कॉलेजात शिकवत नाहीत, पण निदान अर्ज लिहिता येतो. अर्ज लिहिला आणि पेणला गेले.

पेणला पहिल्या ऑफिसात साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. मला वाटलं, चला, वाचला तरी. ते म्हणाले, "रस्ता आमच्याकडे आहे. तुमच्या साकवाच्या दोन्ही टोकांपर्यंत."

"आणि साकव?"

"साकव पूलवाल्यांकडे."

पूलवाल्यांचं ऑफिस तिथून दोन गल्ल्या सोडून. तिथे मॅडमनी सांगितलं की साकव बांधला त्यांनीच, पण पडझड पाण्यामुळे झालीय आणि पाणी रोह्याच्या ऑफिसकडे. आधी त्यांचं पत्र आणा. रोहा म्हणजे माझं माहेर, म्हणून मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. जिते स्टेशनवरून गाडी पकडली, साईराजला आईकडे सोडलं आणि पाणीवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. साहेब मीटिंगला होते. मीटिंगनंतर जेवायला होते. जेवणानंतर अगदी सज्जनपणे बोलले.

"पाणी आमचं, बरोबर आहे. पण पाण्यावरून काय जातं, त्याच्याशी आमचा संबंध नाही."

"मग ते भोक कुणाचं?"

ते थोडा वेळ विचारात पडले. खरोखर विचार करत होते, माझी थट्टा करत नव्हते, आणि हेच मला जास्त लागलं. "असं आहे ताई," ते म्हणाले, "साकव ही वस्तू झाली. भोक म्हणजे तिथे वस्तू नसणं. जी वस्तू नाही तिची नोंद आम्ही कुठल्या खात्यात घेणार?"

घरी आल्यावर हे मी नवऱ्याला, प्रणितला, सांगितलं. तो रोह्याकडच्याच एका कंपनीत शिफ्टला असतो. तो जेवता जेवता हसला. "आमच्या कंपनीतही असंच आहे. गळती कुणाची ते ठरेपर्यंत गळू देतात."

मी हसले नाही. तो चालत नाही रोज त्या साकवावरून पोराचा हात धरून. तो पहाटे बाइक काढतो आणि बांधावरच्या लांबच्या रस्त्याने जातो.

मग मी सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. फोटो जोडले. एका फोटोत साईराजची उरलेली एक चप्पल भोकाशेजारी ठेवली, मोजमाप कळावं म्हणून. थोड्या दिवसांत उत्तर आलं: 'सदर तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे. सबब निकाली.' म्हणजे काय, तर तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की पहिल्या टेबलाचं काम झालं. आणि दुसऱ्या टेबलाने तिसऱ्याकडे ढकलली की दुसऱ्याचंही झालं. सगळ्यांची कामं होत होती.

पण खाली दोन बटणं होती. समाधानी, असमाधानी. लोकांनी सांगावं, सरकारने ऐकावं, अशी ती सोय. मी असमाधानी दाबलं. तक्रार पुन्हा उघडली, पुन्हा निकाली निघाली. मी पुन्हा दाबलं. आणि फोन सुरू झाले.

हळूहळू मला त्या फोनचं कारण कळलं. यंदा ऑफिसांची क्रमवारी लागणार होती. ज्या ऑफिसचे जास्त अर्जदार समाधानी, ते वर. "असं बघा मॅडम," तो माणूस म्हणाला, "आमच्या ऑफिसात सगळे अर्जदार समाधानी झालेत. तुम्ही तेवढ्या एकट्या राहिल्यात."

"मग मला समाधानी करा ना. पत्रा तरी टाका त्याच्यावर."

"पत्रा टाकायला एस्टिमेट लागतं. बटण दाबायला काहीच लागत नाही."

असं तो अगदी आपुलकीने सांगायचा. मला त्याचा राग यायचा आणि नंतर त्याच्यावर राग काढल्याबद्दल वाईटही वाटायचं. त्याच्या मागेही कुणी तरी बसलं असेल, तुझा टक्का का पडतो म्हणून.

अंगणवाडीच्या अनिताताईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्या आयांना बसवलं. एकटीचं कोण ऐकतं, सगळ्यांनी टाका तक्रारी, म्हणाल्या. मी एकेकीच्या फोनवरून एकेकीच्या नावाने तक्रार टाकली. बायजाच्या फोनची काच फुटलेली, तिची तक्रार तर मी अंदाजानेच टाइप केली. सगळ्यांना उत्तर एकच आलं: 'समान विषय. मूळ तक्रार निकाली असल्याने निकाली.'

"जाऊ दे गो," बायजा म्हणाली. "सरकारनं माझं नाव तरी वाचलं. आमच्या घरात तेवढंपण कोण वाचत नाय."

घरी वेगळंच. सासरे काळुराम स्वभावाने मऊ माणूस. मूर्तीच्या कानामागेसुद्धा जे कुणाला दिसणार नाही तिथे पॉलिश करतील, पण गिऱ्हाइकाने चुकीचं सांगितलं तरी 'व्हय' म्हणतील. ते एकदा रंगाचा ब्रश धुता धुता म्हणाले, "दिपिका, सरकारी माणसाशी वाकडं घेव नये. आपल्याला लाइट लागते, परवाना लागतो."

"मी वाकडं घेत नाही, दादा. साकव वाकडा आहे."

"एक बटनच तर दाबायचा हाय," सासूबाई आतून म्हणाल्या. "तो माणूस तरी सुटंल बिचारा."

त्या बिचाऱ्याची आमच्या घरात इतकी काळजी होती की मला कधी कधी वाटे, तो फोन करतो तोच नातेवाईक, आणि मी परकी.

श्रावण लागला. श्रावणात आमच्या कारखान्यात फोनला उसंत नसते. आमच्याकडची पद्धत अशी, की ज्याला गणपती हवा तो आपला पाट आधीच आणून ठेवतो. पाटाच्या मागे खडूने नाव आणि नंबर लिहितात आणि त्या पाटावरच त्याची मूर्ती बसते. मग गिऱ्हाइकांचे फोन येतात: आमचा नंबर कितवा, रंग झाला का, आखणी कधी. आखणी म्हणजे डोळे. घरातलं जे कोण जवळ असेल ते फोन उचलतं आणि नंबर सांगतं. माझाच फोन त्या दिवसांत कारखान्याचा फोन असतो.

त्या दिवशी मी साईराजला आंघोळ घालत होते. फोन वाजला, सासूबाईंनी उचलला. बाहेर आले तेव्हा त्या चांगल्या खुशीत होत्या.

"काम झाला गो साकवाचा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"त्या भाऊंचा फोन आलता. बोलले, फोनवर एक नंबर येल तो सांगा, मंग साकवाचा मार्गी लागल. आला नंबर. सांगला."

मी ओला टॉवेल तसाच हातात घेऊन मेसेज बघितले. ओटीपी आला होता, गेला होता. त्याखाली दुसरा मेसेज: 'तक्रारदाराने समाधान व्यक्त केले आहे.' आणि संकेतस्थळावर शेरा: 'स्थळपाहणी केली असता सदर लघुसेतू वापरण्यायोग्य आढळला.'

"आई, असा नंबर कुणाला सांगायचा नसतो."

"सगळ्यांना सांगतो तसा सांगला. रोज सांगतो." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज बसला. "काय चुकला का?"

बोलले असते तर फार बोलले असते. पुन्हा तक्रार टाकायला गेले, तर पडद्यावर लाल अक्षरं: 'तक्रारदाराने समाधान व्यक्त केल्याने या विषयावर पुन्हा तक्रार नोंदवता येणार नाही.' मी त्या माणसाच्या नंबरवर फोन लावला. उचलला नाही. जो माणूस मला दिवसाआड विचारायचा तुम्ही समाधानी आहात का, तो मी समाधानी झाल्याबरोबर नाहीसा झाला.

दुपारी साईराजला आणायला निघाले तर सासूबाई आधीच गेलेल्या. साकवावरून त्या त्याला कडेवर घेऊन येत होत्या. तो पाय झाडत होता, आजीला मारत होता, पण त्यांनी भोक ओलांडून चांगलं पुढे येईपर्यंत त्याला खाली ठेवलं नाही. त्यांची कंबर दुखते. रात्री मी तेल गरम करून दिलं.

हरतालिकेच्या दिवशी कारखान्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या मूर्ती आधीच टेम्पोने बांधावरच्या रस्त्याने गेलेल्या, पण त्या रस्त्याचा आता चिखल झालेला, म्हणून घरगुती गणपती हातानेच साकवावरून न्यायचे. नेण्याचं काम नितेशचं. नितेश म्हणजे आमच्या कारखान्यातला जुना कारागीर. गिऱ्हाइकाच्या हातात मूर्ती उंबऱ्यापाशी द्यायची, नारळ फुटायचा, मग नितेश ती पुन्हा स्वतःकडे घ्यायचा, भोक चुकवत पलीकडे न्यायचा आणि टेम्पोपाशी मालकाच्या हाती द्यायचा. गिऱ्हाईक मागून टोपी सावरत, मोरया म्हणत. सकाळपासून त्याच्या अशा खेपा चालल्या होत्या. माझा उपास होता, पित्ताने डोकं दुखत होतं, आणि साईराज दर खेपेला नितेशच्या मागे धावायला बघत होता. मी त्याला कमरेला एका जुन्या ओढणीने स्वतःशी बांधून ठेवलं होतं. लोक हसत होते. हसू देत.

एक गृहस्थ पांढरी टोपी, नवा सदरा घालून आले. सासरे पुढे झाले. "या दिनानाथभाऊ. तुमचाच पाट काढून ठेवलाय." आणि मला म्हणाले, "आपलं दरवर्षीचं गिऱ्हाईक. सरकारी हाफिसात असतात."

"असं बघा काळुरामशेठ," ते म्हणाले, "यंदा डोळे जरा प्रसन्न काढलेत तुम्ही."

एका पाटाला मी आवळत होते ती सुतळी हातातच राहिली.

"तुम्ही पेणला ना?" मी विचारलं. "तक्रारींचं बघता?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मी जोह्याच्या साकवाची. तुमची राहिलेली एकटी."

त्यांचा चेहरा पडला. वाईट माणसाचा नव्हता तो चेहरा. पकडल्या गेलेल्या, दमलेल्या माणसाचा होता. "मॅडम... म्हणजे वहिनी... तो साकव हा होय?" त्यांनी मागे वळून बघितलं. "फायलीत याला लघुसेतू म्हणतात. मला काय माहीत हाच तो. मी दरवर्षी येतो इथून."

"आत्ताही त्याच्यावरूनच आलात."

"आलो ना. डावीकडून."

"आणि माझ्या सासूबाईंकडून नंबर घेतलात, तो?"

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. कारखान्यात शेजारी उभे असलेले दोघेतिघे वळून बघायला लागले. सासूबाई आत हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर ओठांवर धरला. मला वाटलं, सासरे नेहमीसारखे 'जाव दे' म्हणतील. त्यांनी दिनानाथभाऊंच्या मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला, नारळ फोडला, पाट उचलला आणि त्यांच्या हातात दिला. नितेश सवयीने पुढे झाला.

"नितेश, तू ऱ्हा," सासरे म्हणाले. "साकव चांगला झालाय. सरकारनं बघून लिवलाय तसा. आता भाऊ घेऊन जातील आपला आपण."

"काळुरामशेठ, असं बघा..."

"चला भाऊ. मी हाय मागे."

आमच्याकडे गणपती कारखान्याच्या बाहेर निघाला की वाटेत खाली ठेवत नाहीत आणि मागे फिरवत नाहीत. दिनानाथभाऊंनाही ते ठाऊक होतं. ते निघाले. मी साईराजला सासूबाईंकडे दिलं आणि मागे गेले. का गेले ते नक्की सांगता येणार नाही. रागाने म्हणा, भीतीने म्हणा. मूर्ती सासऱ्यांनी केलेली होती, माणूस कुणाचा तरी बाप असेल.

छातीशी पाट धरला की माणसाला स्वतःची पावलं दिसत नाहीत. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. दिनानाथभाऊ साकवाच्या मध्यापर्यंत आले आणि थांबले. भरतीची वेळ. पाणी खाली काँक्रीटला घासत होतं. पलीकडे टेम्पोवाला दार उघडून उभा. सासरे बरोब्बर त्यांच्या मागे, दोन्ही हात पाटाच्या कडांखाली नेलेले, धरलेले नाहीत पण तयार. म्हणजे देवाची काळजी त्यांनी घेतली होती. फक्त गिऱ्हाइकाला मोकळं सोडलं होतं.

"वहिनी," दिनानाथभाऊ न वळता म्हणाले, "पाय कुठे टाकू?"

"स्थळपाहणी केलीत ना तुम्ही?"

"ऑफिसातून केली हो."

मला हसू यायला हवं होतं. पण ते पायाच्या अंगठ्याने पुढचं काँक्रीट चाचपत होते आणि ते लागत नव्हतं. "माझ्या खिशात फोन आहे," ते म्हणाले. "साहेबांना लावून द्या. हात मोकळा नाही."

मी त्यांच्या खिशातून फोन काढला, त्यांनी सांगितला तो नंबर लावला आणि स्पीकर करून त्यांच्या कानाशी धरला.

"साहेब, मी जोह्याच्या साकवावर उभा आहे."

"आज सुट्टी आहे ना तुमची?"

"हो. गणपती न्यायला आलोय. पण साहेब, इथे भोक आहे."

"कुठे?"

"साकवात."

"ते निकाली आहे ना?"

"हो. मीच काढलं."

"मग?"

"मग पाय टाकायला जागा नाही, साहेब."

"लेखी द्या," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

दिनानाथभाऊ तसेच उभे. रुमालाचं टोक वाऱ्याने उडून मूर्तीच्या सोंडेवर आलं होतं. त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायलाही त्यांना हात नव्हता. मी कडेने अंग चोरत पुढे होऊन माझ्या पदराने पुसला. मग उलटी त्यांच्यासमोर झाले, त्यांच्याकडे तोंड करून, जशी साईराजला नेताना होते.

"डावा पाय. अजून डावीकडे. तो गज आहे, त्याच्यावर नको, तो हलतो. आता घासत पुढे या. उचलू नका पाऊल."

ते आले. पलीकडच्या मातीवर पाय लागल्यावर टेम्पोवाला मोठ्याने मोरया म्हणाला.

परत येताना सासऱ्यांनी मला सांगितलं, "देव हातात देऊन माणसाची खोड मोडू नये. पाप हाय ते." थोडं पुढे आल्यावर म्हणाले, "एकदा चालतं." आणि नितेशला हाक मारून पुढचा पाट उचलायला सांगितला. त्याच्या खेपा पुन्हा सुरू झाल्या.

गौरी-गणपती झाले. मला वाटलं होतं, काही होणार नाही. पण अनंत चतुर्दशीनंतर एक दिवस छोटा टेम्पो आला, दोन माणसांनी भोकावर जाड लोखंडी पत्रा टाकला, चारही बाजूंनी वेल्डिंग केलं आणि निघाली. मी धावत जाऊन विचारलं, कठडा कधी? त्यांतला एक म्हणाला, आम्हाला भोकाचं सांगितलंय, कठड्याचं एस्टिमेट वेगळं.

त्याच आठवड्यात दिनानाथभाऊंचा फोन आला. मी भरवायलाच बसले होते.

"वहिनी, साहेबांना लेखी दिलं होतं मी. पत्रा बसला ना?"

"बसला. कठडा?"

"तेच सांगतोय. मी नोकरीत, मला तक्रार टाकता येत नाही, म्हणून कठड्याची मी बायकोच्या नावाने टाकली. फोटो जोडले, सगळं व्यवस्थित. माझ्याच टेबलावर येईल आणि पुढे रेटता येईल, या हिशेबाने." ते थांबले. "तर ती गेली रोह्याला. तिथल्यांनी वर्ग करून निकाली काढली. आज सकाळपासून बायकोला फोन चालू आहेत त्यांचे."

"काय म्हणतात?"

"विचारतात, समाधानी आहात का."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मग त्या काय म्हणाल्या?"

"ती म्हणते, तुम्हीच बोला. मी काय बोलू? असं बघा वहिनी, त्यांची भाषा मला पाठ आहे. उत्तर माहीत नाही." मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज काय सांगायचात?"

"नाही म्हणायचे."

"नुसतं नाही?"

"नुसतं नाही. आणि फोन आपणच उचलायचा. घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका."

आता साईराजला तो पत्रा फार आवडतो. त्यावर उडी मारली की मोठा आवाज होतो, म्हणून जाता-येता तो तिथे थांबून दोन्ही पाय आपटतो. खाली पाणी दिसत नाही. पण दोन्ही बाजू उघड्याच आहेत, आणि उडी मारणाऱ्या पोराला दिशा नसते. मी एका हाताने त्याचं मनगट धरून उभी राहते.

काल तिथेच उभी असताना मेसेज आला. बायजाची ती फुटक्या काचेवरून टाकलेली तक्रार कुणीतरी पुन्हा उघडली होती आणि पुन्हा निकाली काढली होती. त्या काचेवर ओटीपी वाचता येईना म्हणून मी नंबर माझा दिला होता, हे तेव्हा आठवलं. खाली तीच दोन बटणं. साईराज पत्र्यावर नाचत होता. मोकळ्या हाताच्या अंगठ्याने मी असमाधानी दाबलं आणि त्याला ओढत रस्त्याला लागले. अंगणवाडीची घंटा झाली होती.